जळगावच्या छतावरचा 3 किलोवॅटचा सौरसंच : अभिप्राय

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाल्यापासून जळगावात सौरसंच बसवून देणाऱ्यांची चढाओढ इतकी वाढली आहे की, 78,000 रुपयांचे अनुदान पुढे करूनच प्रत्येक जण भाव सांगतो. आम्ही निवडलेल्या स्थानिक विक्रेत्याचे काम नेटके आहे. सांगाडा स्लॅबपासून चांगला उंच घेतल्याने पॅनेलखालून वारा खेळतो. पॅनेल तापले की वीजनिर्मिती घटते आणि इथल्या मे महिन्याबद्दल वेगळे सांगायला नको. नेट मीटरच्या, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरच्या, कागदपत्रांसाठी मात्र त्यांनी आम्हाला बरेच ताटकळत ठेवले. शिवाय बॅटरी नसल्याने ग्रीडची, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याची, वीज गेली की हा संचही बंद पडतो, हे त्यांनी आधीच सांगायला हवे होते.

सूर्यास्तानंतर सगळी भिस्त ग्रीडवर, म्हणजे बऱ्याच अंशी भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या कोळशाच्या वीजकेंद्रांवर राहते. त्यामुळे 2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुवीज उभारण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट सौरधंद्याच्या मुळावर येईल, हा विक्रेत्यांचा सूर मला पटत नाही. अणुभट्टी रात्रीही चालते, आमचे छत नाही. पाच वर्षांच्या देखभालीची हमी लेखी घ्यावी. धूळ मात्र आपणच पहाटे, काच थंड असताना धुवावी.