प्रागमध्ये एका युरोला २८ कोरुना

कोल्हापूरकर मित्राला हॅमच्या ठेल्यावर गंडवलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो. प्रागच्या ओल्ड टाउन चौकात डुकराच्या मांड्या निखाऱ्यांवर फिरत असतात आणि वास पार गल्लीपर्यंत येतो. पाटीवर किंमत असते ती १०० ग्रॅमची, आणि ते 'शंभर ग्रॅम' मात्र बारीक अक्षरांत. यानं बोट दाखवून "वन" म्हटलं. ठेलेवाल्यानं हातभर सुरी चालवली, तुकडा काट्यावर टाकला आणि ताटलीत वाढून झाल्यावर आकडा सांगितला. चारशे ग्रॅमच्या वर! "आता कापलंय तर खायचं भावा," म्हणत त्यानं मुकाट्यानं कार्ड टेकवलं. 'पाटी वाचायला शिक' हे मी त्याला पुढचा तासभर ऐकवत होतो.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, तो आणि त्याची बायको. सगळे म्युनिकला नोकरी करणारे. म्युनिकहून प्राग बसनं पाचेक तास, त्यामुळे शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचं आणि रविवारी रात्री परत, असा बेत. झेक प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये आहे, पण तिथं युरो नाही, कोरुना चालतो. आम्ही गेलो तेव्हा युरोचा भाव २५ कोरुनांच्या आसपास होता. हा आकडा मला पाठ होता, त्याचा जरा गर्वही होता, आणि पुढं जे झालं ते या पाठांतरामुळेच झालं.

बसमधून उतरल्यावर पहिलं एटीएम दिसलं. कार्ड घातलं, रक्कम टाकली, तर पडद्यावर प्रश्न आला: तुमच्या खात्यातून पैसे युरोत वळते करून घ्यायचे का? खाली भाव दिला होता आणि तो चांगलाच पडेल होता. वर मशीनची फी वेगळी. अशा वेळी 'कन्व्हर्जन नको' असं बटण दाबायचं, म्हणजे आपली बँक आपल्या भावानं पैसे कापते. किंवा सरळ एखाद्या नेहमीच्या बँकेच्या मशीनवर जायचं. मला हे माहीत होतं. पण मला राग आला, मी कार्ड बाहेर ओढलं आणि बाकीच्या तिघांना दहा मिनिटं व्याख्यान दिलं. बायको म्हणाली, "अरे, पण पैसे?" म्हटलं, माझ्याकडे २०० युरो रोख आहेत, चौकात मोडू.

खरं तर रोख लागतच नव्हती. ट्रॅमचं तिकीट कार्डावर, जेवण कार्डावर. अगदी ती दालचिनी-साखर लावलेली नळकांडी, ट्रडेल्निक, तीसुद्धा कार्डावर मिळाली. (ती 'प्राचीन झेक मिठाई' म्हणून विकतात. नावाचा मान मात्र युरोपियन युनियनने स्कालित्सा नावाच्या स्लोव्हाक गावाला दिलाय.) पण एका काचसामानाच्या दुकानदारानं बायकोला सांगितलं, रोख दिलेत तर थोडं कमी करतो. झालं! कमी होणार म्हटल्यावर आमच्या अंगात बारा हत्तींचं बळ.

बाराचे टोले पडायच्या आधी आम्ही त्या प्रसिद्ध खगोलीय घड्याळासमोर उभे होतो. १४१० सालचं हे घड्याळ. तास झाला की वरच्या दोन खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरून जातात, सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो आणि बाजूच्या बाहुल्या 'नाही, नाही' अशा माना हलवतात. त्यांतली एक बाहुली हातात आरसा धरलेली, म्हणजे गर्व. दुसरी हातात पैशांची थैली घेतलेला कंजूष. कोल्हापूरकर म्हणाला, "तो थैलीवाला कुणासारखा दिसतोय सांगू?" मी म्हटलं, नको सांगू.

तिथून वेन्सेस्लास चौकाच्या बाजूला निघालो. एका मनी एक्स्चेंजच्या काचेवर ठळक अक्षरांत '०% कमिशन' लिहिलं होतं. शून्य टक्के कमिशन म्हणजे काहीच नसतं, कारण कमाई भावातच बसवलेली असते. हेही मला माहीत होतं. बोर्डावरचा भाव वाचून मी नाक मुरडत उभा होतो, इतक्यात शेजारी एक पन्नाशीचा माणूस आला. स्वच्छ जॅकेट, गळ्यात मफलर, हातात किराणामालाची पिशवी. पिशवीतून कोथिंबिरीसारखा काहीतरी पाला डोकावत होता. त्या पाल्यानं माझा घात केला. बाजारातून पाला घेऊन घरी निघालेला माणूस ठग कसा असेल?

तो बोर्डाकडे पाहून च्च च्च करत म्हणाला, "हे लुटारू आहेत, इथं बदलू नका." मग म्हणाला, मला पुढच्या आठवड्यात जर्मनीत मुलीकडे जायचंय, युरो हवेतच, बँक मलाही लुटणार. तुम्ही मला द्या, मी तुम्हाला २८ देतो.

पंचवीसचे अठ्ठावीस. दोनशे युरोंवर ६०० कोरुना जास्त. माझ्या डोक्यात हिशोब त्याचं वाक्य संपायच्या आत झाला होता. बायकोनं मागून शर्ट ओढला. मी लक्ष दिलं नाही.

त्यानं पाकिटातून नोटा काढल्या. सगळ्यात वर ५०० आणि १०० ची. या दोन्ही खऱ्या झेक नोटा, सकाळी मित्राच्या हातात तशाच पाहिल्या होत्या. त्याखाली १००० च्या पाच. अंगठ्यानं फरफर मोजून दाखवल्या, मी '१०००' हा आकडा पाच वेळा पाहिला. एवढ्यात रस्त्याच्या पलीकडून कुणीतरी ओरडल्यासारखं झालं, त्यानं मान वळवली, "पोलिस, पोलिस, लवकर" असं पुटपुटला, नोटांची घडी माझ्या मुठीत कोंबली आणि माझे दोनशे युरो घेऊन गर्दीत मिसळला. पाल्यासकट. सगळा प्रकार फार तर दीड मिनिटाचा. पलीकडे पोलिस नव्हतेच.

ओळखीच्या दोन नोटा वर आणि खाली गड्डी, एवढाच खेळ. घाई केली ती मी घडी उलगडून पाहू नये म्हणून. आणि आपण बेकायदा काहीतरी करतोय ही टोचणी असतेच, त्यामुळे पोलिसांचं नाव निघताच आपणही खिसा झाकतो. रस्त्यावर पैसे बदलून देणं तिथं खरोखरच बेकायदा आहे. त्यासाठी झेक राष्ट्रीय बँकेचा परवाना लागतो.

दुपारी जेवण झाल्यावर मी मोठ्या ऐटीत १००० ची नोट ठेवली. वेट्रेसनं ती उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला आधी कळलं आणि मग तिनं सांगितलं: हे हंगेरीचे पैसे आहेत. निळसर नोट, त्यावर लांब केसांचे राजे मात्याश, आणि 'फोरिंट' हा शब्द चांगला ठसठशीत छापलेला. झेक हजाराची नोट जांभळी असते, तिच्यावर दाढीवाले इतिहासकार पालात्स्की असतात. वेट्रेसनं गल्ल्यातून काढून दोन्ही शेजारी ठेवल्या. लहान मुलानंही ओळखल्या असत्या.

तेव्हा युरोला ४०० च्या आसपास फोरिंट मिळत. म्हणजे पाच हजार फोरिंटचे १२-१३ युरो, आणि वरच्या ६०० कोरुनांचे २४. दोनशेतले १६० च्या वर गेले, रुपयांत १४ हजारांहून जास्त. एक गोष्ट अशी की फोरिंटला निदान किंमत तरी आहे. काहींना याच पद्धतीनं बेलारूसच्या चलनातून बाद झालेल्या रुबलच्या नोटा दिल्या गेल्यात, त्यांची रद्दीसुद्धा होत नाही.

वेन्सेस्लास चौकाजवळच्या पोलिस ठाण्यात गेलो. तिथल्या तरुण पोलिसानं तक्रार सभ्यपणे लिहून घेतली, पण त्याचा चेहरा आमच्याकडच्या सरकारी कचेरीतल्या बंद होणाऱ्या खिडकीसारखाच होता. पैसे मिळणार नाहीत हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्याच्याकडून एक गोष्ट मात्र कळली, ती आधी माहीत असती तर! १ एप्रिल २०१९ पासून तिथं नियम आहे की परवाना असलेल्या एक्स्चेंजमध्ये १००० युरोपर्यंत पैसे बदलले आणि भाव पटला नाही, तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जायचं, व्यवहार रद्द करून मिळतो. म्हणजे मी ज्या बोर्डासमोर नाक मुरडत होतो, तिथं आत शिरून फसलो असतो तरी दुपारी जेवायच्या आधी पैसे परत आणले असते. पावती मात्र टाकून द्यायची नाही. रस्त्यावरच्या माणसाला आणि एटीएमला हा नियम लागू नाही.

निघताना त्यानं अजून एक बजावलं. साध्या कपड्यांतला कुणी "पोलिस" म्हणून रस्त्यात तुमच्या नोटा किंवा पाकीट तपासायला मागितलं तर द्यायचं नाही, सरळ १५८ ला फोन करायचा. तो खोटा पोलिस असतो आणि तुमच्या हातातली गड्डी बघून आलेला असतो.

काचसामान घेतलं नाही. चार्ल्स पुलावरून जाताना कुणी फार बोलत नव्हतं, त्याच्या तीस पुतळ्यांतला एकही मला आज आठवत नाही. रात्री बसमध्ये बायकोनं त्या पाच निळ्या नोटा पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवल्या, अजून तिथंच आहेत. कोल्हापूरकरानं तोपर्यंत एक शब्द काढला नव्हता. जर्मन सीमा ओलांडल्यावर अंधारात मागच्या सीटवरून आवाज आला, "भावा, पुढचा वीकेंड बुडापेस्ट करूया. तुझे पैसे आधीच बदलून झालेत."