मिरज–लोंढा–कुळे: ओपन रेल्स चालवताना वर्किंग टाइमटेबल कितपत कामाला येतं?

फलाटावरचं वेळापत्रक प्रवाशांचं. ओपन रेल्स या संगणकावरच्या रेल्वे सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्याला लागतं ते वर्किंग टाइमटेबल, म्हणजे रेल्वे कर्मचाऱ्यांचं अंतर्गत वेळापत्रक. त्यात गाडी न थांबता ओलांडते त्या स्टेशनांच्याही वेळा, दोन स्टेशनांमधलं अंतर आणि वेगमर्यादा असतात. मिरजेच्या दक्षिणेला नैऋत्य रेल्वेचा हुबळी विभाग लागतो. पुण्याहून येत असाल तर मध्य रेल्वेच्या पुणे विभागाच्या वर्किंग टाइमटेबलची फाइल वेगळी घ्यावी लागते. आपण बेळगाव म्हणू, त्यात बेळगावी छापलेलं असेल. वाद नको, बीजीएम हा स्टेशन कोड शोधा.

नवशिके हमखास चुकतात ते इथे: कमाल वेग हेच लक्ष्य धरतात. मार्ग ताशी ११० किमीचा असला तरी वेळा साधारण १०० च्या बुक्ड स्पीडवर, म्हणजे वेळापत्रकासाठी धरलेल्या वेगावर, काढलेल्या असतात. वरचे १० उशीर भरून काढायला. शिवाय इंजिनिअरिंग अलाउन्सची (रुळांच्या कामांसाठी राखलेली) मिनिटं बहुधा शेवटच्या टप्प्यात घातलेली असतात, म्हणून तिथे गाडी वेळेआधी पोचते. पीएसआर, म्हणजे कायमच्या वेगमर्यादा, कागदावर मिळतात, पण तात्पुरत्या मर्यादा चालकाला दिल्या जाणाऱ्या कॉशन ऑर्डरवर असतात, या फाइलमध्ये नाहीत. २२ एलएचबी (नव्या पद्धतीचे) डबे आणि इंजिन मिळून साडेपाचशे मीटरच्या आसपास होतात. शेवटचा डबा मर्यादेबाहेर पडल्याशिवाय नॉच (इंजिनाच्या ताकदीची पायरी) वाढवू नका.

कॅसलरॉक ते कुळे या उतारावर मात्र हा कागद तोकडा पडतो. ३७ ला १ हे रूलिंग ग्रेडियंट, म्हणजे हिशेबाला धरलेला सर्वांत कठीण चढ-उतार, कळतं, कुठे किती उतार ते कळत नाही. ओपन रेल्स उतार टक्क्यांत दाखवतं: १०० भागिले ३७, म्हणजे २.७. एफ४ दाबून ट्रॅक मॉनिटर (पुढचा मार्ग दाखवणारी खिडकी) उघडा ठेवा. सेटिंगमध्ये मेट्रिक आणि ब्रेकच्या दाबाला किलो प्रति चौरस सेंटिमीटर निवडा, म्हणजे ब्रेक पाइपचा ५ चा आकडा ओळखीचा दिसेल. मालगाडी उतरवताना वेग डायनॅमिक ब्रेकवर (इंजिनाच्या मोटारींनी लागणाऱ्या ब्रेकवर) धरा. सिंगल पाइपच्या (हवेची एकच नळी असलेल्या) वाघिणींवर ब्रेक लावणं-सोडणं वारंवार केलं, तर सहायक टाक्या पुन्हा भरायला वेळ मिळत नाही आणि पुढच्या वेळी ब्रेक पुरत नाही. चढताना मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावा. सगळी ताकद पुढे ठेवली आणि कपलर तुटण्याचा पर्याय चालू असेल, तर गाडीचे दोन तुकडे होतात.

फाइलवरचं साल आधी बघा. १९९० च्या दशकापर्यंत इथे मीटरगेज होतं, त्या वेळांचा ब्रॉडगेजच्या गाडीला काही उपयोग नाही.