बाल्टिमोरचं रोहाउस : एक हिवाळा, एक उन्हाळा आणि ४८ डॉलर

आमच्या घराखालच्या जमिनीच्या सहामाही भाड्याची, ४८ डॉलरची, मागणी गेल्या आठवड्यात पुन्हा आली, म्हणून शेवटी लिहायला बसलो. एरवी घराबद्दल कुरकुर करावी असं फारसं काही नाही.

अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातल्या बाल्टिमोरमध्ये रोहाउस, म्हणजे भिंतीला भिंत लागून रांगेत उभी असलेली घरं, बघायला लागलं की बारा फुटी रुंदी, एकामागे एक खोल्या, तळघर आणि सपाट छप्पर हे सगळं पाठच होतं. ते सोडून देतो. मला बोलायचंय ते घराच्या जाहिरातीत पार तळाशी असलेल्या एका ओळीबद्दल: ग्राउंड रेंट, म्हणजे भुईभाडं, वर्षाला ९६ डॉलर. एजंटबाईंनी किरकोळ म्हणून ते हातानेच उडवून लावलं आणि आम्हाला दारातल्या संगमरवरी पायऱ्या दाखवल्या.

प्रकार असा आहे. घर तुमचं, खालची जमीन दुसऱ्याची. करार ९९ वर्षांचा, आणि संपला की पुन्हा तेवढाच, कायमचा. दर सहा महिन्यांनी भुईभाडं द्यायचं. पद्धत इंग्रजांच्या वसाहतीपासूनची. जमिनीचे पैसे एकरकमी मोजावे लागत नसल्यामुळे घर स्वस्त पडायचं आणि गोदीत किंवा कारखान्यात राबणाऱ्यालाही ते परवडायचं. मुंबईतली पागडी आणि लीजच्या जमिनी बघितलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. पण कर्जाचा हप्ता भरा, कर भरा, विमा भरा, आणि वर कधी तोंडही न पाहिलेल्या माणसाला भाडं पाठवा? माझं डोकंच फिरलं.

त्यात वाचलं की काही शे डॉलर थकले म्हणून लोकांची अख्खी घरं गेली होती. 'बाल्टिमोर सन'ने २००६ साली हे चव्हाट्यावर आणलं आणि २००७ मध्ये राज्याने नवीन भुईभाडी बंद केली. जुनी मात्र चालू राहिली. जमीनमालकाला त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते, नोंद नसेल तर वसुली करता येत नाही. ही नोंद राज्याच्या वेबसाइटवर पत्ता टाकून फुकट बघता येते.

असं घर घ्यायचंच नाही, असं मी ओळखीतल्या सगळ्यांना बजावत होतो. मग एका रविवारी कागद-पेन घेऊन बसलो. भुईभाडं सोडवून घेता येतं: वर्षाच्या भाड्याला ठरलेल्या दराने भागायचं आणि येईल ती रक्कम जमीनमालकाला द्यायची. आमचं भाडं ६ टक्क्यांच्या हिशोबात बसणारं, म्हणजे ९६ भागिले ०.०६, बरोबर १,६०० डॉलर एकदा मोजले की जमीन कायमची आपली. बँकेत १,६०० ठेवले तर वर्षाला ९६ सुटणार नाहीत, आणि जे व्याज सुटेल त्यावरही कर. तेव्हा आता माझं म्हणणं असं: भुईभाडं असलेलं घर बिनधास्त बघा, फक्त सोडवायची रक्कम किमतीतून कापून मागा.

आम्ही सोडवून घेतलं. खरं रामायण त्यानंतरचं. टायटल कंपनीने, म्हणजे मालकीहक्काची कागदपत्रं बघणाऱ्या कंपनीने, पैसे घेतले, कागदपत्रांची फी वेगळी घेतली, आणि दस्त नोंदवायचा तसाच ठेवला. सहामाही आली, जमीनमालकाचं पाकीट आलं. फोन केला की दरवेळी नवा माणूस आणि ‘फाइल बघून सांगतो’. पोचपावती घेऊन समोर जाऊन उभा राहिलो, तेव्हा कुठे ती फाइल हलली.

बायकोचं म्हणणं, ४८ डॉलरसाठी एवढा जीव कशाला काढतोस? शहराचा मालमत्ता कर शंभर डॉलरमागे २.२४८, शेजारच्या बाल्टिमोर काउंटीत १.१०. तीन लाखांच्या घरावर वर्षाला ३,४०० डॉलरच्या वर फरक. ते गपचूप भरतोसच ना! भरतो. पण शहर निदान कचरा तरी उचलतं.

ऐतिहासिक भागात घेणाऱ्यांसाठी एवढंच: नॅशनल रजिस्टर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंची देशपातळीवरची यादी, वेगळं आणि शहराची हेरिटेज यादी वेगळी. शहराच्या यादीत घर असेल तर रस्त्याकडची खिडकी बदलायलाही परवानगी लागते. उलट मोठी दुरुस्ती करणार असाल तर वाढलेल्या मूल्यांकनावर दहा वर्षं करसवलत मिळू शकते, पण अर्ज मंजूर झाल्यावरच हातोडा उचलायचा. आधी भिंत फोडली की सवलत गेली.

घर बाकी गुणी आहे. जिना एवढा अरुंद की क्वीन साइझ पलंगाचा खालचा बॉक्स वर चढेना, दोन तुकड्यांतला घ्यावा लागला. तळघराला पावसाळी वास येतो. मागच्या गल्लीतले उंदीर मांजरालाही जुमानत नाहीत. पण दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असल्यामुळे जानेवारीतलं गॅसचं बिल बघून मी दोनदा खात्री केली, चुकून दुसऱ्याचं तर आलं नाही ना. बरोबर निघालं. आधीच्या अपार्टमेंटपेक्षा कमी!

नव्या पाकिटाला उत्तर म्हणून नोंदलेल्या दस्ताची प्रत रजिस्टर्ड पोस्टाने धाडली आहे. तुम्ही सोडवून घ्याल तेव्हा नुसत्या पावतीवर समाधान मानू नका, दस्ताचा पुस्तक क्रमांक आणि पान क्रमांक लेखी मागा. तो येईपर्यंत टायटल कंपनीची फी देऊ नका.