विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलावर कोणता खेळ ठेवायचा: पाँग, स्पेस इनव्हेडर्स की टेट्रिस?

दारव्ह्याकडच्या एका मॅडमचा परवा फोन आला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा ‘संगणकाचा इतिहास’ घ्यायचाय, टेबल एकच, चालू कॉम्प्युटरही एकच, काय करू? अबॅकसपासून मोबाईलपर्यंत चित्रं चिकटवलेला तक्ता तेवढा करू नका, असं मी आधी सांगितलं. तसले तक्ते दरवर्षी चार तरी असतात आणि परीक्षक न वाचताच पुढे सरकतात. त्यापेक्षा एखादा जुना खेळ पोरांकडून स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं, पोरांसाठीचं सॉफ्टवेअर) करून घ्या. स्क्रॅच एकदा टाकून घेतलं की नेट लागत नाही, आपल्याकडे तेच महत्त्वाचं. आमच्या जिल्हा परिषद शाळेत तिन्ही खेळ करून झालेत, म्हणून हे लिहितोय. जुन्या यंत्राला काय जमत नव्हतं, हे पोरांना खेळताना कळतं का, एवढंच मी बघतो.

पाँग सगळ्यात सोपा. सहावीची पोरं आठवड्यात करतात. दोन फळ्या, एक चेंडू, दोघं समोरासमोर, त्यामुळे टेबलाभोवती गर्दी हमखास. फक्त ‘हा जगातला पहिला व्हिडिओ गेम’ असं फलकावर लिहू देऊ नका. विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ मध्येच अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर (विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर) टेनिस खेळून दाखवलं होतं, तेही प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या लोकांसाठी. म्हणजे तेही प्रदर्शनाचं टेबलच! पाँग आला १९७२ मध्ये. अटारी या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या नोलन बुशनेल यांनी अ‍ॅलन अल्कॉर्न या नव्या इंजिनिअरला हात बसावा म्हणून हे काम दिलं होतं. त्यात मायक्रोप्रोसेसर (प्रोग्रॅम चालवणारी चिप) नव्हता, प्रोग्रॅमही नव्हता. नुसत्या सर्किटवर खेळ चालायचा. सनीवेलच्या एका बारमध्ये ठेवलेलं पहिलं यंत्र बंद पडलं म्हणून अल्कॉर्न बघायला गेले, तर नाण्यांचा डबा तुडुंब भरलेला. सर्किटच्या अडचणीमुळे फळी पडद्याच्या अगदी वरपर्यंत जात नव्हती. ते त्यांनी तसंच ठेवलं, कारण नाहीतर दोन चांगले खेळाडू तासभर हरलेच नसते. गोष्ट मस्त आहे. पण स्क्रॅचमध्ये फळी वरपर्यंत आरामात जाते, त्यामुळे ही अडचण नुसती सांगावी लागते, दिसत नाही.

स्पेस इनव्हेडर्समध्ये यंत्राची अडचण दिसते. तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी १९७८ मध्ये हा खेळ केला, यंत्रही त्यांनीच घडवलं. आत इंटेल ८०८० प्रोसेसर. पडद्यावर ११ च्या ५ ओळी, म्हणजे ५५ परग्रहवासी, ते खाली सरकत येतात आणि आपण खालून गोळ्या झाडून त्यांना मारायचं. एवढे सगळे एकदम हलवणं त्या यंत्राला झेपेना, म्हणून पडदा दर वेळी नव्याने उमटताना त्यातला एकच पुढे सरकतो. पडदा सेकंदाला ६० वेळा उमटतो, तेव्हा ५५ जणांची पाळी फिरायला जवळजवळ सेकंद लागतो. निम्मे मारले की अर्धा सेकंद. शेवटचा एकटा उरला की दर वेळची पाळी त्याचीच, मग तो सुसाट. शत्रू कमी झाले की खेळ अवघड होतो, आणि त्यासाठी वेगळं काही लिहिलेलं नाही! यंत्र कमी पडत होतं, तीच खेळाची मजा झाली.

स्क्रॅचमध्ये हे हुबेहूब जमतं. प्रत्येक क्लोनला (एकाच चित्राच्या नकलेला) नंबर द्यायचा, ‘पाळी’ नावाचा एक व्हेरिएबल (आकडा ठेवायची जागा) घ्यायचा, आणि ज्याची पाळी त्यानेच सरकायचं. मेलेल्याचा नंबर वगळायला विसरू नका, नाहीतर वेग वाढणारच नाही. आमचे दोन दिवस यातच गेले. स्क्रॅच सेकंदाला ३० वेळाच फिरतं, म्हणून आम्ही २४ च परग्रहवासी ठेवले. ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी आठवीतला एक पोरगा ओरडलाच, ‘‘सर, हे तं पयाले लागले!’’ वेग वाढवायची ओळ कुठे लिहिलीय म्हणून सगळे शोधत बसले. या खेळामुळे जपानात १०० येनची नाणी कमी पडली, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात. ती दंतकथा आहे, फलकावर नको.

टेट्रिसची गोष्ट तिघांत सगळ्यात मोठी. अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत एलेक्ट्रोनिका ६० या यंत्रावर तो लिहिला. त्यावर चित्रं काढता येत नव्हती, म्हणून चौकोनी कंसांचे ठोकळे केले. १९८९ मध्ये तो गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राबरोबर घरोघर गेला, पण हक्क सोव्हिएत सरकारकडे होते, त्यामुळे पाजित्नोव यांना १९९६ पासून कुठे पैसे मिळू लागले. पण वरून पडणारा तुकडा फिरवून बसवायचा आणि भरलेली ओळ पुसायची, हे स्क्रॅचमध्ये आठवीच्या पोरांच्या हाताबाहेर आहे. मागे आम्ही केला तेव्हा अर्धं मीच लिहिलं, आणि परीक्षकांनी पहिल्याच प्रश्नात ते ओळखलं.

म्हणून मॅडमना मी कॉम्प्युटरवर इनव्हेडर्स सांगितला. पोरं सहावीची असतील, किंवा हाताशी आठच दिवस असतील, तर पाँग घ्या, वाईट वाटून घेऊ नका. टेट्रिस मात्र पुठ्ठ्याचा ठेवा. लाइट दुपारी जाणारच, आणि इन्व्हर्टर असलाच तर तो मंडपाच्या माइकला लावलेला असतो.

चौकटीच्या वहीवर मापं घेऊन टेट्रिसचे सातही आकारांचे तुकडे कापा, प्रत्येकी ४ घरं, एकूण २८. शेजारी ४ बाय ७ ची चौकट ठेवा आणि येणाऱ्याला म्हणा, बसवून दाखवा. ट्रॉलीत पोती रचणारा माणूसही दहा मिनिटं तिथून हलत नाही. बसत नाहीतच! चौकट बुद्धिबळाच्या पटासारखी रंगवली तर काळी १४, पांढरी १४. सहा तुकडे दोन काळी दोन पांढरी घरं झाकतात, टी-आकाराचा एकटा तीन आणि एक. बेरीज कधीच जुळत नाही. रंग मात्र चौकटीच्या मागच्या बाजूला द्या आणि शेवटी उलटून दाखवा, नाहीतर हुशार पोरं आधीच ओळखतात.