मुलांच्या हाती झूम एच१एन : शालेय रेडिओसाठी घेतलेल्या ध्वनिमुद्रकाचे परीक्षण

मुलांनी मुलांसाठी रेडिओ कार्यक्रम करायचे, असे एखाद्या शाळेने मनावर घेतले की लगेच खरेदीची यादी निघते आणि तिच्यात मिक्सर, स्टँडचे मायक्रोफोन, ध्वनिरोधक खोली अशा गोष्टी येऊन बसतात. आमच्या जिल्हा परिषद शाळेत या यादीला कात्री लावून एकच यंत्र घेतले गेले : जपानच्या झूम कंपनीचा एच१एन हा खिशात मावणारा ध्वनिमुद्रक. (ऑनलाइन बैठकांच्या झूमशी या कंपनीचा काही संबंध नाही. खरेदीच्या प्रस्तावावर सही घेताना हा खुलासा करावा लागतो.) पाचवी ते सातवीची मुले त्यावर दर आठवड्याला दहा मिनिटांचा कार्यक्रम तयार करतात. तो शनिवारी परिपाठानंतर शाळेच्या ध्वनिक्षेपकावर लागतो, केंद्रातील इतर शाळांना पाठवला जातो, आणि त्यातले निवडक भाग जवळच्या सामुदायिक रेडिओवर प्रसारित होतात. हे परीक्षण त्या वापरापुरते आहे. संगीताच्या मैफलीसाठी किंवा चित्रपटासाठी हे यंत्र कसे आहे, याची चर्चा येथे नाही.

माझा निकष सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे बरेवाईट सारे त्यावरच तोलले आहे. मुलांच्या रेडिओसाठी चांगले यंत्र ते, जे मूल मोठ्या माणसाला न विचारता चालू करू शकते, बंद करू शकते आणि ज्यावरचा आवाज बिघडला तर तो का बिघडला हे स्वतः शोधू शकते. आपल्याकडे मुलांच्या रेडिओची परंपरा जुनी आहे. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरील ‘बालोद्यान’ आणि त्यातील ‘नाना’, म्हणजे गोपीनाथ तळवलकर, हे मागच्या पिढ्यांच्या आठवणीत घट्ट बसलेले आहेत. २०२०च्या टाळेबंदीत नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ सुरू झाली, तेव्हा मोबाइल नसलेल्या घरापर्यंत रेडिओ कसा पोचतो हेही पुन्हा दिसले. मात्र अशा कार्यक्रमांत संहिता बहुधा मोठ्यांची आणि यंत्र काचेपलीकडच्या अभियंत्याच्या ताब्यात असते. मुलांचा वाटा आवाजापुरता राहतो. मुलाने काय विचारायचे, कुणाला विचारायचे आणि त्यातले काय ठेवायचे, हे त्याचे त्याने ठरवायचे असेल, तर यंत्र त्याच्याच हातात असले पाहिजे.

या कसोटीवर एच१एन बऱ्याच अंशी उतरतो. २०१८ साली बाजारात आलेले हे यंत्र आधीच्या एच१ या मॉडेलची सुधारित आवृत्ती आहे. दर्शनी बाजूला मधोमध ध्वनिमुद्रणाचे मोठे बटण, त्यावर छोटा पडदा आणि त्याच्याही वर, मायक्रोफोनच्या लगेच खाली, ० ते १० आकड्यांचे फिरते चक्र, एवढाच त्याचा चेहरा. पडद्यावरील शब्द इंग्रजीत आहेत, ही मराठी शाळेसाठी अडचण खरीच. पण रोजच्या कामाच्या चार गोष्टी पडद्याखालच्या चार बटणांवर असल्यामुळे मेनूच्या आत शिरण्याची वेळ क्वचित येते. आमच्या मुलांनी त्या चार बटणांची मराठी नावे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवली आणि पुढे ती पाठ झाल्यावर चिठ्ठ्या गळून पडल्या.

सर्वांत मोलाची गोष्ट ते फिरते चक्र. मायक्रोफोनने किती आवाज आत घ्यायचा, हे त्यावर ठरते आणि पडद्यावरच्या पट्ट्या तो आवाज कुठवर चढतो आहे हे दाखवतात. पट्टी पार उजव्या टोकाला टेकली की आवाज फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज संगणकावर कितीही खटपट केली तरी पूर्ववत होत नाही. हे वाक्य मुलांना फळ्यावर लिहून देण्यापेक्षा गिरणीत एकदा नेणे बरे. आमच्या गावातील पिठाच्या गिरणीवरील भागासाठी सहावीतल्या मुली गिरणीवाल्या काकांशी बोलायला गेल्या होत्या. वर्गात सातवर ठेवलेले चक्र तिथे तीनवर आणावे लागले, तेव्हा कुठे जात्याची घरघर आणि काकांचा आवाज दोन्ही पट्टीच्या आत राहिले. परत आल्यावर त्यांनी वहीच्या पानावर तक्ताच केला : वर्ग ७, ओटा ६, एसटी स्टँड ४, गिरणी ३. पुढच्या गटाने त्यात ‘आजीबाई, हळू बोलतात, ८’ अशी भर घातली. आवाजाची पातळी हा विज्ञानाच्या पुस्तकातला मजकूर असा भिंतीवरच्या तक्त्यात आलेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

पातळी आपोआप सांभाळण्याची सोयही यंत्रात आहे आणि नवख्या शिक्षकाला तीच वापरण्याचा मोह होतो. मुलाखतीसाठी ती बंद ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलणारा विचार करायला क्षणभर थांबला की यंत्र त्या शांततेत आवाज उचलायला जाते आणि मागचा पंखा, कोंबडा, शेजारच्या वर्गातले पाढे सगळे पुढे येते. याउलट खालच्या पट्टीतील आवाज गाळणारे बटण मात्र उघड्यावर हमखास लावावे. ८०, १२० आणि १६० हर्ट्‌झ असे त्याचे टप्पे आहेत. वाऱ्याचा आणि दूरच्या ट्रॅक्टरचा घुमारा त्यातला पहिला टप्पाही बऱ्यापैकी कमी करतो. मुलांचा स्वर मुळातच वरच्या पट्टीतला असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. पुरुषाच्या भरदार आवाजाला मात्र १६०चा टप्पा किंचित पोकळ करतो, म्हणून सरपंचांच्या मुलाखतीला तो टाळलेला बरा.

यंत्राच्या माथ्यावर दोन मायक्रोफोन ९० अंशांच्या कोनात बसवलेले आहेत. त्यामुळे डावी-उजवी बाजू वेगळी ऐकू येते, आणि बाजाराच्या दिवशीचा गलका किंवा पावसात भरलेला वर्ग नोंदवताना त्याची गंमत कळते. मात्र एकाच माणसाचे बोलणे नोंदवताना हा कोन उपयोगी पडत नाही. मुलाने यंत्र स्वतःच्या आणि पाहुण्याच्या बरोबर मध्ये धरले, तर दोघांचेही आवाज दूरचे येतात. प्रश्न विचारताना यंत्र आपल्याकडे आणि उत्तराच्या वेळी पाहुण्याकडे, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, ही सवय लावायला वेळ लागतो. ती लागली की निम्मे काम झाले.

इथेच यंत्राची सर्वांत मोठी उणीव समोर येते. त्याचे अंग हलक्या प्लास्टिकचे आहे आणि बोटांची प्रत्येक हालचाल ध्वनिमुद्रणात उतरते. पकड बदलली की खरखर, बटण दाबले की टकटक, आणि मुलींच्या हातातील बांगड्यांची किणकिण तर पाहुण्याच्या बोलण्याइतकीच ठळक. मागच्या बाजूला ट्रायपॉडचा आटा आहे. त्याला छोटी तिवई लावून तिचे पाय मिटवून मुठीत धरले की हा त्रास बराच कमी होतो. वारा अडवणारी स्पंजची टोपीही खोक्यात मिळत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. ती घेतल्याशिवाय मोकळ्या मैदानात जाऊच नये, कारण वाऱ्याची एक झुळूक आख्खे उत्तर गिळते.

हेडफोनबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. यंत्रासोबत मिळत नाहीत म्हणून अनेक शाळा ते घेतच नाहीत, आणि माझ्या मते ही काटकसर सर्वांत महागात पडते. आपले कान नको असलेला आवाज नकळत बाजूला सारतात, मायक्रोफोन सारत नाही, आणि हा फरक हेडफोन कानाला लावल्याच्या पहिल्या मिनिटाला मुलाला समजतो. पाचवीतला एक मुलगा हेडफोन लावून वर्गात उभा राहिला आणि ‘सर, पंखा एवढा ओरडतो?’ म्हणाला. त्यानंतर कुठल्याही खोलीत मुद्रण करायचे असले की पंखा बंद करायला सांगणारा तोच. दोन जोड घेऊन दुभाजक पिनेने दोन्ही लावले, तर यंत्र सांभाळणारा आणि प्रश्न विचारणारा दोघेही ऐकू शकतात आणि भांडण मिटते.

खोलीचा प्रश्न पैसे न खर्चता सुटतो. पत्र्याचे छप्पर आणि मोकळ्या भिंती असलेल्या वर्गात आवाज घुमतो, त्याला कुठल्याही यंत्राकडे इलाज नाही. आमच्या मुलांनी सगळ्या खोल्यांत टाळ्या वाजवून पाहिल्या आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली कोठीची खोली निवडली. पोती आवाज शोषून घेतात, खोली लहान आहे आणि दुपारी खिचडी शिजून झाल्यावर तिकडे कुणी फिरकत नाही. निवेदन, बातमीवजा टिपणे आणि नाट्यवाचन आता तिथेच होते.

चालवण्याचा खर्च बेताचा आहे. दोन ‘ट्रिपल ए’ सेलांवर साधारण दहा तास चालेल, असे कंपनी सांगते. पुन्हा भारता येणारे सेल घेतले की आवर्ती खर्च उरत नाही. मायक्रो एसडी कार्ड ३२ जीबीपर्यंतचे चालते. वेव्ह या आवाज न दाबणाऱ्या स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिटवर (आवाज किती बारकाईने नोंदवायचा, त्याची ही मापे) मुद्रण केले तर मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, म्हणजे एका कार्डावर ५० तास सहज मावतात. बोलण्याच्या कार्यक्रमासाठी यापेक्षा वरची सेटिंग लावण्यात काही हशील नाही. ९६ किलोहर्ट्‌झवर फाइल तिपटीहून मोठी होते आणि शाळेचा जुना संगणक धापा टाकतो. उलट जागा वाचवण्यासाठी थेट एमपी३मध्ये, म्हणजे आवाज दाबून फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात, मुद्रण करण्याचा पर्यायही घेऊ नये, कारण संपादनानंतर फाइल पुन्हा दाबली जाते आणि आवाजाची प्रत दुसऱ्यांदा घसरते.

संपादन ऑडॅसिटी या मोफत संगणकप्रणालीवर होते आणि खरे शिक्षण तिथे घडते. वीस मिनिटांच्या मुलाखतीतून तीन मिनिटे ठेवायची, तर कुठली? गिरणीवाल्या काकांनी विजेच्या बिलाबद्दल केलेली तक्रार ठेवायची की लहानपणी गिरणीत हरवलेल्या चपलेचा किस्सा? मुलींनी दोन्ही ठेवले आणि स्वतःचे चार प्रश्न काढून टाकले, कारण त्यांची उत्तरे केवळ ‘हो’ आणि ‘नाही’ अशी आली होती. पुढच्या मुलाखतीत त्यांचे प्रश्न ‘कसे’ आणि ‘मग काय झाले’ या वळणाने गेले. शिक्षकाने या टप्प्यावर गप्प बसावे. ‘व्हतं’चे ‘होतं’ करून पुन्हा बोलायला लावण्याचा आग्रह काही सहकाऱ्यांनी धरला होता. मुलांनी तो मानला नाही आणि ऐकणाऱ्या शाळांतून त्याबद्दल कुणाची तक्रार आली नाही. एक बाब मात्र मोठ्यांनीच सांभाळायची : घरातील अडचणी, आजार किंवा भांडणे याबद्दल एखादे मूल मोकळेपणाने बोलले असेल, तर पालकांच्या संमतीवाचून तो भाग बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि संमती असली तरी मुलाची ओळख सांगायची नाही.

तयार कार्यक्रम एका वाहिनीत (मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी न ठेवता), ६४ केबीपीएस एमपी३मध्ये काढला की दहा मिनिटांची फाइल ५ एमबीच्या आत बसते आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून कुठेही पाठवता येते. सामुदायिक रेडिओला मात्र मूळ वेव्ह फाइलच द्यावी. तिथले लोक शंभर वॉटच्या प्रक्षेपकावर आसपासच्या गावांपर्यंत पोचतात, आणि प्रसारणाच्या साखळीत आवाज आणखी दाबला जातो.

हे सगळे मोबाइलवर होणार नाही का, असा प्रश्न पालकसभेत हटकून येतो. एका माणसाचे शांत खोलीतील बोलणे मोबाइलवर चांगले येते, हे मान्य करायला हवे. पण मोबाइल शिक्षकाचा किंवा पालकाचा असतो, मध्येच वाजतो, संध्याकाळी घरी जातो, आणि अनेक मोबाइल मागचा आवाज स्वतःच पुसून टाकतात, म्हणजे गिरणीच्या भागातून गिरणीच नाहीशी होते. शिवाय मोबाइल समोर आला की पाहुणा कॅमेऱ्याकडे पाहतो, मुलाकडे पाहत नाही.

खरेदीचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०२४मध्ये कंपनीने एच१एसेन्शियल आणला असून एच१एनची जागा तो घेतो आहे. त्यात ३२ बिट फ्लोट पद्धत असल्याने पातळी ठरवण्याचे चक्रच काढून टाकले आहे. कुजबुज आणि आरोळी दोन्ही एकाच मुद्रणात टिकतात आणि पातळी नंतर संगणकावर लावता येते. दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी मेनू बोलून दाखवण्याची सोय हे त्याचे फार मोठे वैशिष्ट्य आहे, आणि विशेष शाळांनी किंवा असा विद्यार्थी असलेल्या शाळांनी डोळे झाकून तोच घ्यावा. इतरांना माझा सल्ला थोडा उलटा आहे. ज्या चक्राने आमच्या भिंतीवर तो तक्ता आणला, ते नव्या यंत्रात नाही, त्यामुळे एच१एन नवा किंवा चांगल्या स्थितीतला वापरलेला मिळत असेल, तर पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी मी आजही तोच निवडीन. पुन्हा मिळणार नाही अशा एखाद्या मुलाखतीसाठी, उदाहरणार्थ गावातील नव्वदीच्या आजोबांसाठी, नवे यंत्र निर्धास्त आहे.

अंदाजपत्रक मांडताना यंत्राच्या किमतीवर थांबू नये. स्पंजची टोपी, छोटी तिवई, हेडफोनचे दोन जोड, दुभाजक पिन, दोन कार्डे, भारता येणारे चार सेल आणि त्यांचा चार्जर हे धरूनच रक्कम मागावी. हे मागाहून घेऊ म्हटले की ते पुढच्या वर्षीच्या अनुदानावर जाते आणि तोवर यंत्र मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद राहते. त्या कपाटाची किल्ली मुलांच्या गटप्रमुखाकडे द्यायला मुख्याध्यापक राजी नसतील, तर खरेदी पुढे ढकलावी.