वायफायची वीज वाचवताना: सात महिन्यांच्या वापरानंतर

नवा राउटर घेऊन सात महिने झाले. त्यातल्या वीज बचतीच्या सोयी बघूनच घेतला होता, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्याच दिवशी प्लगला वॉटमीटर लावला. कुणी काही वापरत नसतानाही 8 वॉट. वर्षभराचे 70 युनिट झाले की! ट्रान्समिट पॉवर (सिग्नलचा जोर) अर्ध्यावर आणली, तरी आकडा जागचा हलेना. प्रोसेसर, रेडिओ, इथरनेट पोर्ट हे सगळं सतत जागं असतं, खर्च तिथे होतो. रात्री 12 ते 6 वायफायचे दोन्ही बँड (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ) बंद ठेवले, तेव्हा कुठे मीटर साडेपाचवर उतरला. मी खूश.

पाच आठवड्यांनी घरातल्या वायफायवर चालणाऱ्या तापमानाच्या सेन्सरची बॅटरी संपली. आधीची चार महिने टिकली होती. लॉग काढून पाहिला तेव्हा उलगडा झाला: सेन्सर दर दहा मिनिटांनी जागा व्हायचा, रात्री नेटवर्क सापडायचं नाही, आणि बिचारा एकेक चॅनल धुंडाळत बसायचा. गाढ झोपेत जेमतेम काही मायक्रोअँपिअर लागणारी चिप रेडिओ चालू झाला की शंभर मिलिअँपिअरच्या घरात जाते. राउटरची बचत मी त्याच्या माथी मारली होती. आता रात्री फक्त 5 गिगाहर्ट्झ बंद असतो, सेन्सरसाठी 2.4 चालूच ठेवते. शिवाय तीन सेकंदांत जोडणी झाली नाही तर सेन्सरने झोपायचं, असा बदल त्याच्या कोडमध्ये केला.

दुसरी कामाची सेटिंग डीटिम, म्हणजे दर कितवा बीकन (राउटरचा ‘मी इथे आहे’ असा संकेत) डीटिमचा धरायचा तो आकडा. राउटर साधारण दर 102.4 मिलिसेकंदांनी बीकन सोडतो, आणि झोपलेल्या उपकरणांसाठी राखलेली ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट (एकाच वेळी सगळ्यांना किंवा अनेकांना जाणारी) पाकिटं डीटिमच्या बीकनमागोमाग जातात. 1 चा 3 केल्यावर फोनची बॅटरी थोडी जास्त पुरायला लागली. 10 करून पाहिला, तर फोनवरून प्रिंटर सापडेना. त्याला शोधणारी हाक मल्टिकास्टनेच जाते आणि ती सेकंदभर अडकून राहायची. परत 3.

वायफाय 6 मधल्या टार्गेट वेक टाइमकडून फार अपेक्षा होत्या. उपकरणाने राउटरशी जागं होण्याची वेळ ठरवून घ्यायची, कल्पना फारच आवडली. पण ते दोन्हीकडे असावं लागतं, आणि माझा सेन्सर जुना, वायफाय 4 चा.

नव्या बॅटरीला परवा साडेतीन महिने झाले. अजून चालतेय.