अरेनीचा बूट की अथणीची चप्पल?

आर्मेनियातल्या अरेनी गुहेत २००८ साली सापडलेला बूट सुमारे ५,५०० वर्षांचा. गाईच्या चामड्याचा एकच तुकडा पायाभोवती वळवून वादीने आवळलेला, आत गवत कोंबलेलं. कोरडी, थंड हवा आणि वर मेंढ्यांच्या लेंड्यांचा थर, म्हणून टिकला.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-निपाणीकडची चप्पल म्हणजे थरावर थर. बाभळीची साल नि हिरडा यांत कमावलेलं चामडं, खिळा न मारता वादीनेच शिवलेलं. वेणीचं नाजूक काम बहुतेक घरांत बायकांचं. नाव मात्र कोल्हापूरचं! २०१९ च्या जीआय (भौगोलिक ओळख) मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, पण इथल्याच गिऱ्हाइकाला ते सांगावं लागतं.

कारागिरीत माझा कौल अथणीला. टिकण्यात बूटच सरस. आपली चप्पल मृगाच्या पावसात घालून बघा, आठवड्यात तळ फुगतो.